वर्षाचा गहू

डॉक्टरांनी आईचा रिपोर्ट वाचला आणि सांगितलं, की तिने यापुढे गहू खायचा नाही. तो मे महिन्यातला मंगळवार होता. आदल्या आठवड्यात बाबांनी घरात वर्षाचा गहू भरला होता.

आम्ही तिघं रिक्षाने घरी आलो. घरी आल्यावर आईने हातपाय धुतले, कुकर लावला आणि कणीक मळायला परात घेतली. पीठ काढल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने पीठ डब्यात परत ओतलं, परात धुऊन पालथी घातली आणि बाबांना विचारलं, आज नुसता भात चालेल का. बाबा चालेल म्हणाले.

त्यानंतर आई तीन वर्षंही जगली नाही. ती गव्हाने गेली असं म्हणणं डॉक्टरांच्या दृष्टीने बरोबर ठरणार नाही. गहू तिच्या शरीराला सोसत नव्हता आणि हे कळायला तीसेक वर्षं लागली, त्यामुळे ती गेली. त्या आजाराचं नाव सिलिॲक. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आयुष्य पुस्तकांच्या रांगांमध्ये गेलं, पण हा शब्द मी त्या मंगळवारी पहिल्यांदा ऐकला.

बाबा मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात एका गाळ्यावर नोकरीला होते. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, हा लोकवन, हा सिहोर, हा सिहोर म्हणून विकतात पण नाही. मालकाचा धंदा या दातावर चालतो, असं गाळ्यावरचे हमाल म्हणायचे. दर उन्हाळ्यात बाबा त्यातला सगळ्यात चांगला गहू घरासाठी निवडत. तो बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर वाळायचा. आई आणि मी तो चाळायचो, एरंडेल चोळून कोठीत भरायचो. आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये माझ्या पुस्तकांना पलंगाखाली जागा होती, गव्हाच्या कोठीला मात्र भिंतीशी मानाची जागा होती. पाहुण्याच्या ताटात पोळी पडली की बाबा भाजीबद्दल विचारत नसत. पहिला घास जाईपर्यंत थांबायचे आणि म्हणायचे, "कशी आहे?"

आई सोलापूरकडच्या गावातली. तिच्या माहेरी रोज ज्वारीची भाकरी, पोळी फक्त सणाला. लग्नाआधी ती धान्याचं पोतं एकटी ओढत न्यायची, असं मामा सांगतो. मी पाहिलेली आई दोन जिने चढली की मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहायची. पुण्यात आल्यावर वर्षभरात तिचं पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. सगळ्यांचं एकमत होतं, की तिला पुण्याचं पाणी मानवलं नाही. पुरावाही होता. मे महिन्यात माहेरी गेली की पंधरवड्यात तिचे गाल भरायचे, पोट शांत व्हायचं. परत आली की पुन्हा तेच. मामा बाबांना म्हणायचा, "दाजी, पाण्याला कशाला बोल लावता? पुणेकर मानवले नसतील." बाबा शांतपणे म्हणायचे, "पुणेकर कोणालाच मानवत नाहीत. म्हणून काही सगळ्यांची पोटं बिघडत नाहीत."

तर आमच्या घरात वर्षानुवर्षं पाणी उकळलं गेलं. आधी पातेल्यात, मग फिल्टर आला, मग फिल्टरचं पाणी पुन्हा उकळलं गेलं. आईच्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली कायम असायची. ते पाणी पिऊन ती घरी यायची आणि रात्रीच्या पोळ्या लाटायला घ्यायची.

आता मला तिची लक्षणं ओळीने लिहिता येतात. तेव्हा ती आम्हाला आईच्या सवयी वाटायची. लग्नाच्या कार्यालयात शिरली की ती आधी संडास कुठे आहे ते बघून यायची आणि मगच नवऱ्यामुलीकडे जायची. सहलीला यायची नाही. तिचं तोंड महिन्यातून दोनदा यायचं. जिभेच्या कडेला पांढरे फोड, त्यावर ती तूप लावायची. जेवल्यावर पोट इतकं फुगायचं, की साडीची गाठ सैल करून बसायची आणि शेजारच्या काकूंना म्हणायची, "सातवा चालू आहे." कोपरांवर आणि गुडघ्यांवर बारीक पाणीदार फोड यायचे. त्यांना इतकी खाज, की भांडी घासायच्या काथ्याने ती कोपर घासायची. त्याला आम्ही साबणाची ॲलर्जी म्हणालो आणि साबण बदलत राहिलो. हिमोग्लोबिन कधीच वर आलं नाही. लोहाच्या गोळ्यांनी जीभ काळी व्हायची, रक्त मात्र तिथेच. माझ्यानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली. त्या दोन वेळांबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, आणि त्यांचा पोटाच्या तक्रारीशी संबंध असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणही नव्हतं.

आणि उपास. आई सोमवार करायची, चतुर्थी करायची, दोन्ही एकादश्या करायची. नवरात्रात नऊ दिवस धान्याला शिवायची नाही. साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, बटाटा, शेंगदाण्याची आमटी. पोटाच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये, असं कुणीही सांगेल. आईला मात्र उपास मानवायचे. नवरात्रातल्या पाचव्या-सहाव्या माळेला ती घरभर कामं काढायची, माळ्यावरची भांडी घासायची, माझ्याशी बोलत बसायची. काकू म्हणायच्या, देवी अंगावर दिसते तुमच्या. दसऱ्याला पुरणाच्या पोळीवर उपास सुटायचा आणि दुसऱ्या दिवशी आई अंथरुणात. पुरण जड असतं, असं आम्ही म्हणायचो.

पुढे तिने आणखी वार धरले. गुरुवार, मग शनिवार. बाबांना ते आवडायचं नाही. मलाही बाईमाणसाने उपाशी राहून पुण्य मिळवण्याची कल्पना पटायची नाही. एकदा मी तिला विचारलं, की एवढं काय मागतेस देवाकडे. ती निवडत असलेल्या शेंगदाण्यांतून मान वर न करता म्हणाली, "काही मागत नाही. उपासाच्या दिवशी पोट माझं ऐकतं, एवढंच."

हे तिने सांगितलं होतं. पण ते श्रद्धेच्या भाषेत ऐकलं गेलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर चांगले होते. पहिल्या मजल्यावर दवाखाना, खोकल्यापासून सांधेदुखीपर्यंत अर्धी वस्ती त्यांच्याकडे. एका वर्षी आईचं हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं, की त्यांनी तिला समोर बसवून उपास बंद करायला सांगितले. अंगात रक्त नाही आणि तुम्ही साबुदाणा खाता, असं ते रागावले. पौष्टिक खा, पोळी खा, शिरा खा, गव्हाचं सत्त्व घ्या. आम्हाला तिघांनाही ते पटलं. आजही त्या सल्ल्यात मला वेडेपणा दिसत नाही. अशक्त माणसाला पुण्यात कुणीही हेच सांगितलं असतं.

आईने ऐकलं. घरी येताना जिन्यात थांबून ती मला म्हणाली, "देवाला सुट्टी दिली गं. आता डॉक्टरांना नवस बोलते."

गव्हाचं सत्त्व बाबांनी स्वतः केलं. स्वयंपाकघरात ते सहसा येत नसत. त्यांनी कोठीतला गहू पुन्हा निवडला, तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, वाटायला मला बसवलं. तो चीक त्यांनी पंच्यातून गाळला, निवळू दिला, ताटात वाळवला. ती पांढरी पूड दुधात शिजवून ते सकाळी वाटी तिच्या हातात द्यायचे आणि ती संपेपर्यंत समोर बसायचे. मी त्यांना कुणासाठी एवढं करताना आधी पाहिलं नव्हतं. आईनेही पाहिलं नव्हतं. म्हणून तिने एकदाही वाटी टाकली नाही. उलटी झाली तर बाबा गाळ्यावर गेल्यावर व्हायची.

त्या वर्षी ती खूप वाळली. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पायाला सूज येई. तिला बसल्या जागी डुलकी लागायची. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, साखर तपासली, मग म्हणाले, वय आहे, मनावरही घेत असतील, एकुलत्या मुलीचं लग्न झालेलं नाही. आईने हे मला सांगितलं नाही. काकूंना सांगताना मी ऐकलं. वर म्हणाली, "बरं झालं, हिचा काहीतरी उपयोग झाला. निदान रोगाला कारण तरी मिळालं."

मग तिचा हात मोडला. ती पडली नव्हती. कुकर उतरवताना मनगटातून आवाज आला. हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या. फोटो पाहून त्यांनी विचारलं, की या वयाला हाड इतकं पोकळ का. जुने रिपोर्ट मागितले, ते एकावर एक ठेवले, कोपरावरचे फोड पाहिले, वजन केलं. प्लास्टर घातलं आणि म्हणाल्या, हात बरा होईल, पण खरा त्रास दुसरीकडे आहे. पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

पोटाचे डॉक्टर सिंहगड रस्त्याच्या बाजूला बसायचे. प्लास्टर निघाल्यावर आम्ही गेलो, आणि आईसोबत मी आत गेले. बाबा बाहेर बसले. डॉक्टरांनी इतरांसारखेच प्रश्न विचारले. किती वेळा, केव्हापासून, दुखतं कुठे. आई पाठ केल्यासारखी उत्तरं देत होती. मग ते म्हणाले, "काकू, त्रास कधी होतो ते कळलं. बरं कधी वाटतं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"माहेरी," ती म्हणाली. "आणि उपासाला."

"माहेरी जेवायला काय असतं?"

"भाकरी."

"आणि उपास सोडता कशावर?"

"पुरणपोळीवर," आई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, रिपोर्ट यायच्या आधी तिला कळलं ते त्या क्षणी.

रक्ताची तपासणी झाली. मग तोंडातून नळी घालून लहान आतड्याचे तुकडे काढले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक धागे असतात, अन्न तेच शोषून घेतात. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही जणांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्या लढाईत स्वतःचीच मखमल झिजवून टाकतं. मग लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम नाही, काहीच नाही. माणूस जेवतो आणि उपाशी राहतो. पोटाचा त्रास, तोंड येणं, रक्त कमी, हाडं ठिसूळ, कोपरावरचे फोड, गर्भ न टिकणं, सगळं एकाच झाडाच्या फांद्या. औषध नाही. गहू, रवा, मैदा, सातू बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालेल. तो दिवस म्हणजे तो मंगळवार.

बाबांचा विश्वास बसला नाही. ते भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. संध्याकाळी कोठीवर हात ठेवून उभे होते. मला म्हणाले, "गहू खाऊन कोणी आजारी पडत नाही. न मिळाल्याने पडतात." त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. चाळीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं होतं. पण चार दिवसांनी त्यांनी पोतं मागवलं, कोठी रिकामी केली आणि सगळा गहू शेजारच्या काकूंकडे पोचवला. पीठ हवेत उडतं, भांड्यांना लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून घरात पोळी होणंच बंद झालं. बाबा दुपारी गाळ्याजवळच्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या घेऊन तिथेच खायचे. घरी आल्यावर आधी हात धुवायचे.

आई सुधारली. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर पडलेल्या सावलीसारखं आहे. दोन महिन्यांत कोपरं स्वच्छ झाली. वर्ष संपायच्या आत तिचं वजन वाढलं, ब्लाउज उसवून मोठे केले, जिना ती न थांबता चढू लागली. मामाच्या मुलाच्या लग्नात ती स्वतःचा डबा घेऊन गेली. पंगतीत डबा उघडल्यावर टोमणे आले. एवढ्याशा पोळीने काय होतंय, पुण्याला गेल्यापासून फारच नाजूक झालीस. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ती डोळ्यांना लावून माझ्या हातात द्यायची. एका बाईने तोंडावर विचारलं, की प्रसादालाही नाही म्हणता का. आई म्हणाली, "देवाने मला माफ केलंय. तुमचं तेवढं राहिलंय."

मग माझी पाळी आली. आई-बाप, मुलं, भावंडं यांनी तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला काही होत नव्हतं. थोडा थकवा, थोडं रक्त कमी, ते तर सगळ्याच मुलींचं असतं. आई मला घेऊन गेली. माझ्या रक्तात तेच निघालं, नळी घालून पाहिलं तर आतड्याची झीज नुकतीच सुरू झालेली. परतताना आई रिक्षात माझा हात धरून बसली होती. तिने दोनदा विचारलं, तुला कधी पोटात दुखलं होतं का गं लहानपणी. मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

त्या दिवसापासून तिचं पथ्य तिच्यासाठी उरलं नाही, माझ्यासाठी झालं. तिने मला भाकरी शिकवली. माझी भाकरी उचलताना तुटायची. "नकाशा काढतेस का? महाराष्ट्र नीट आला, कोकण तेवढं सुटलं," असं म्हणून ती तुकडे जोडायची. माझ्या रक्तातली या आजाराची पातळी हवी तशी उतरत नव्हती, तेव्हा डॉक्टरांनी स्वयंपाकघरातल्या वस्तू एकेक विचारल्या आणि हिंगाशी थांबले. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा मिसळलेला असतो. आईने विचारलं, "चिमूटभर?" ते म्हणाले, चिमूटभर पुरे. तिसऱ्या दिवशी आमच्या घरातून हिंग गेला आणि आमटीची चव कायमची बदलली. ज्वारी गिरणीत गव्हानंतर दळली जाते हेही कळलं, म्हणून घरघंटी आणली. ती चालू झाली की सगळा फ्लॅट थरथरायचा, आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तिचं वजन पुन्हा उतरू लागलं.

आधी आम्ही मोजलं नाही. मग जेवल्यावर दुखायला लागलं, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, पहाटे उशी घामाने ओली असायची. पथ्य तसंच होतं. पण बाहेरून बघणाऱ्याला एकच कारण दिसतं, आणि ते बाबांना दिसलं. एका रविवारी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारून तिला विचारलं, "खरं सांग, काकूंकडे काही खातेस का? चहाबरोबर बिस्कीट वगैरे?"

आई म्हणाली नाही.

"अगं, मन होतं माणसाचं. मी रागावणार नाही."

"अहो, मला आता पोळीची चवसुद्धा आठवत नाही," ती म्हणाली. "आठवली असती तर सांगितलं असतं. तुमच्या गव्हाची होती म्हणून."

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. पण तीनेक आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत आम्ही तिच्या हाताकडे बघत होतो, पोटाकडे नाही.

डॉक्टरांचा मात्र तिला पाहताच चेहरा बदलला. पथ्य पाळूनही वजन उतरणं, ताप, दुखणं, हे त्यांना नको असलेलं चिन्ह होतं. स्कॅन झाला. आतड्यात एका जागी जाड गाठ, जवळजवळ वाट बंद. ऑपरेशन करून तो भाग काढला आणि तपासायला पाठवला. लहान आतड्याचा लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सर. हा फार थोड्यांना होतो, असं डॉक्टर म्हणाले. ज्यांचा सिलिॲक फार उशिरा कळतो, त्यांच्यातल्या फार थोड्यांना. आतडं इतकी वर्षं सुजत राहिलं, की त्या सुजेतल्या पेशींनीच वेगळी वाट धरली. मी विचारलं, की दहा वर्षं आधी कळलं असतं तर. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "शक्यता पुष्कळ कमी झाली असती. तुमची झाली आहे तशी."

बाबा तिथेच उभे होते. ते खिडकीकडे वळले.

ऑपरेशननंतर हॉस्पिटलात जेवण सुरू झालं त्या पहिल्याच सकाळी आईसाठी जे ताट आलं, त्यात गव्हाचा दलिया होता. फाइलवर ग्लुटेन नको असं लिहिलेलं होतं, पण ऑपरेशनच्या पेशंटला हलकं अन्न म्हणून दलिया, अशी तिथली रीत होती. मी नर्सबाईंना सांगितलं, त्यांनी खाली कळवलं, दुपारी सूप आलं, मैद्याने घट्ट केलेलं. संध्याकाळी पुन्हा दलिया. दुसऱ्या दिवसापासून बाबा वॉर्डच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. ताट घेऊन येणाऱ्या माणसाला थांबवायचे, झाकण उघडायचे, बोटाने चाचपायचे. ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर गहू निवडला त्याच हाताने ते आता गहू शोधत होते. "हे नाही चालणार, परत न्या," एवढंच म्हणायचे. तिथली माणसं त्यांना विक्षिप्त समजायची. एकाने मला विचारलं, की आजोबा रिटायर्ड इन्स्पेक्टर आहेत का.

केमो सुरू झाली आणि तिला ती सोसली नाही. शेवटच्या आठवड्यांत तिला अन्न सलाइनमधूनच जात होतं. मी सुट्टी घेतली होती. तिच्याजवळ बसून मी वाचायचे, मोठ्याने, कारण तिला आवाज हवा असायचा. एका दुपारी तिने मला थांबवलं. तिचे ओठ फुटले होते, म्हणून ती सावकाश बोलली.

"तुझं वेळेत कळलं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मग माझं फुकट नाही गेलं. पण पथ्य मोडलंस तर जाईल."

ती श्रावणात गेली, एका बुधवारी दुपारी. बाबा दाराशी होते आणि मी आत होते.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या निजायच्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. खाली पीठ पसरतात. कणकेवर ठेवायचा, म्हणून आत्याने पीठ मागितलं. घरात कणीक नव्हती. ती म्हणाली, शेजारून आणा, वाटीभर लागेल. मी चप्पल घालायला गेले तर बाबा खुर्चीतून म्हणाले, "कणीक नको."

आत्या म्हणाली, रीतच तशी आहे दादा.

"नको."

"अरे, आता तिला काय व्हायचंय कणकेने?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिने दोन वर्षं काही खाल्लं नव्हतं. मी विचारलं होतं, आणि तिने खाल्लं नव्हतं. तिच्या जागी ते ठेवायचं नाही."

आत्याने तांदळाच्या डब्याशेजारचा तांदळाच्या पिठाचा डबा काढला. ते पसरून त्यावर दिवा ठेवला. गुरुजींना बाबांनी तेच सांगितलं, तेराव्याच्या स्वयंपाकाला तेच सांगितलं. गोडाचं म्हणून तांदळाची खीर झाली. काही नातेवाइकांना ते चमत्कारिक वाटलं आणि त्यांनी तसं म्हटलंही. बाबांनी कुणालाही समजावून सांगितलं नाही.

आमचे जुने डॉक्टर दहाव्यानंतर भेटायला आले. बराच वेळ बसले. त्यांनी मला सांगितलं, की आता रक्त न वाढणारी बाई आली की ते ही तपासणी लिहून देतात. मी बरं म्हटलं. त्यांना चहा दिला.

ग्रंथालयात परत गेल्यावर मी या आजारावर मिळेल ते वाचलं. मराठीत फार थोडं मिळालं. जे मिळालं त्यातली लक्षणं वाचताना मला प्रत्येक ओळीत आई दिसली. कठड्याला धरून उभी असलेली, कोपर घासणारी, साडीची गाठ सैल करणारी. ते वाचायला अर्धा तास पुरला. तेवढा अर्धा तास त्या तीसेक वर्षांत कुणाच्याच हाती आला नाही.

आता घरात बाबा आणि मी आहोत. त्यांनी नोकरी सोडली आहे. पोळीभाजी केंद्रातही ते आता जात नाहीत. मी करते ते खातात, आणि कसं झालंय ते सांगत नाहीत. माझं रक्त वर्षातून एकदा तपासलं जातं. यंदाचा रिपोर्ट बरा आहे. आतड्याची झीज भरून आली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मला काही त्रास नाही.